टेंडरमधला कोळसा

गेले आठ-नऊ महिने घरातल्या जेवायच्या टेबलाचं एक टोक माझ्या ताब्यात आहे, आणि त्यावरून बायकोची जी काही बोलणी बसतात ती इथे लिहीत नाही. मी डब्ल्यूजीचं छोटं मॉडेल बनवतोय. म्हणजे मालगाडीचं वाफेचं इंजिन, पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी, मागे दोन. आमचे आप्पा भुसावळच्या शेडला याच इंजिनांवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते.

स्केल घेतलंय एकास सत्त्याऐंशी, कारण त्यात सुटे भाग मिळतात. डब्ल्यूजीचं मोठं चाक खऱ्यात १५६२ मिलिमीटर, म्हणजे माझ्याकडे अठराचं हवं. पहिलं कच्चं मॉडेल पुठ्ठ्याचं केलं तेव्हा चाकांच्या जागी चाराण्याची नाणी चिकटवली होती, ती गेंड्याचं चित्र असलेली, १९ मिलिमीटरची. जरा मोठी पण दिसायला झकास. बॉयलरला इलेक्ट्रिक फिटिंगचा पाइप, तो जवळपास बसला.

खरी गोची रुळांची. या स्केलचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), परदेशातल्या गाड्यांसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला सत्त्याऐंशीने भागा, एकोणीसच्या वर जातं. त्यामुळे तयार रुळांवर आपलं इंजिन ठेवलं की पैलवान टाचा जुळवून उभा राहिल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे आपल्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचं, पीजेचं, गणित मात्र फुकटात जुळतं! तिचं गेज ७६२, भागून पावणेनऊ येतं आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. शेंदुर्णी, पहूर करत जाणारी ती गाडी २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. डब्ल्यूजी झालं की पीजे करणार. (बायको हे वाचत नाही असं गृहीत धरतोय.)

मला वाफेची इंजिनं आठवतात ती तिसरी-चौथीतली. तोवर मेन लाइनवर विजेची इंजिनं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण यार्डात शंटिंगला काळी इंजिनं होती. रात्री क्वार्टरमध्ये झोपलो की शंटिंगचा आवाज यायचा, आधी फुस्स... फुस्स असा दमानं, मग चाक घसरलं की एकदम फटफटफटफट, आणि मग शांतता. आई झोपेतच म्हणायची, वाळू नाही सोडली वाटतं. (चाक घसरू नये म्हणून रुळांवर वाळू सोडतात.) चाळीसगाव-धुळे गाडीने मामाकडे जाताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढायचो आणि दर वेळी डोळ्यात कोळशाचा कण जायचा, मग आई पदराचं टोक पिळून, फुंकर मारून काढायची. तो प्रवास कसा झाला म्हणून कोणी विचारलं तर मला अजून आधी डोळाच आठवतो.

तर मी हे सगळं मनात धरून मॉडेल करत होतो, काजळी लावली, गंजाचे ओघळ काढले, चिमणीतून कापसाचा धूरसुद्धा काढून बघितला. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे, चष्मा वर करून बराच वेळ कॅबमध्ये बघत राहिले आणि म्हणाले, "पानी कोठे शे?"

मला कळेना. तर त्यांचं म्हणणं, गेज ग्लास कुठाय. बॉयलरच्या तोंडाशी काचेच्या दोन नळ्या असतात, आत पाणी किती ते दाखवणाऱ्या. मी त्या लावल्याच नव्हत्या, दीड मिलिमीटरची काच कोण बघतंय म्हणून. आप्पा म्हणाले, लोकं धुराचं बोलतात, आम्ही पूर्ण ड्युटी त्या काचेकडे बघायचो. पाणी कमी झालं आणि भट्टीचं छत उघडं पडलं की त्यातला शिशाचा प्लग वितळतो, वाफ भट्टीत घुसते, आग मरते. ते चांगलंच, नाहीतर बॉयलरच फुटेल. पण प्लग गेला म्हणजे ड्रायव्हर-फायरमनची अब्रू गेली, आधी चौकशी आणि वर शेडमध्ये वर्षभर चेष्टा.

मग मी विचारलं, आप्पा, इंजिनं गेली तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं असेल ना? १९७० ला चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याने शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन बनवलं त्याचं नाव अंतिम सितारा ठेवलं, १९९५ च्या डिसेंबरात फिरोजपूर-जालंधरला ब्रॉडगेजवरची वाफ संपली, हे सगळं मी त्यांना मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "गयं ते बरं व्हयनं."

आणि शर्टाची बाही वर केली. कोपरापासून खाली एक गुळगुळीत पट्टा आहे, केस नसलेला. तो मी लहानपणापासून बघतोय पण कधी विचारलं नव्हतं. मे महिन्यात भुसावळचं ऊन आणि समोर उघडी भट्टी! विजेच्या इंजिनावर गेले तेव्हा पहिल्यांदा ड्युटीवरून आल्यावर आंघोळ न करता जेवायला बसले म्हणे. एकच गोष्ट त्यांनी कौतुकानं सांगितली, फावड्यावर वांगं ठेवून भट्टीत भाजायचं. काड्यांवरच्या भरताला जी चव असते तशी नाही येत, पण दोन मिनिटांत होतं.

मग गेज ग्लास लावले. इअरफोनच्या तुटक्या वायरमधली तार सोलून पितळी नळ्या केल्या, काचेसाठी फिशिंगची नायलॉन दोरी, दोन रात्री गेल्या. आप्पांनी भिंग लावून बघितलं, मान हलवली, आणि टेंडरकडे, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याकडे, वळले. मी खलबत्त्यात कोळसा कुटून, चहाच्या गाळणीने चाळून एकसारखा भरला होता. त्यांनी डबीतला एक न कुटलेला खडा उचलला, चांगला ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा, आणि ढिगावर मधोमध ठेवला.

आप्पा, मी म्हटलं, हा स्केलमध्ये नाही बसत, हा खऱ्यात अर्ध्या मीटरचा होईल.

"आसाच ऱ्हायेत रे," ते म्हणाले. "घण घेऊन फोडायला लागायचे चालत्या गाडीत." आणि चिमटा माझ्याकडून काढून घेऊन त्यांनी आणखी तीन ठेवले.