तुम्ही विचारलंत म्हणून: फ्यूचर परफेक्ट कुठं वापरतात?

"मॅडम, हे फ्यूचर परफेक्ट खरंच कुठं वापरायलेत ओ?"

प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. फी भरायला आलेले पालक विचारतात. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं विचारतात आणि वर सांगतात, "स्पॉट द एररपुरतं सांगा, बाकी नको." दिवाळीला घरी आलेले पाहुणेसुद्धा लाडू फोडता फोडता विचारतात. खरं तर हा प्रश्न नसतोच. मी निरुपयोगी काहीतरी शिकवून पैसे घेते, असं सुचवायची ती सभ्य पद्धत असते. तरीही एकदा नीट उत्तर देते.

फ्यूचर परफेक्ट म्हणजे इंग्रजीतला पूर्ण भविष्यकाळ. 'विल हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, हे तुम्हाला पाठ आहे. ते परत सांगत नाही.

पहिली गोष्ट, तुमचं बरोबर आहे. हा काळ फार कमी लागतो. "आय विल फिनिश बाय सिक्स" म्हणालात तर जगात कुणी तुम्हाला अडवणार नाही. 'बाय सिक्स'नेच सगळं काम केलेलं असतं. बारा काळांचा जो तक्ता माझ्या वर्गात भिंतीवर आहे, तोही काही वेदवाक्य नाही. इंग्रजीत रूप बदलून होणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत. 'विल' हे 'कॅन', 'मे' यांच्या पंक्तीतलं सहायक क्रियापद, असं आजचे बरेच व्याकरणकार मानतात. म्हणजे फ्यूचर टेन्स म्हणून वेगळं काही आहे का, इथूनच वाद. १७९५ साली लिंडली मरेने आपल्या इंग्रजी व्याकरणात फ्यूचर परफेक्टला नुसतं 'सेकंड फ्यूचर' म्हटलं होतं, दुसरा भविष्यकाळ. नाव बदललं, मुलांचा वैताग बहुधा तोच राहिला.

दुसरी गोष्ट, तुमचं चुकतंय. "व्हेन यू कम, आय विल कुक" असं तुम्ही पाहुण्याला लिहिलंत तर तो आल्यावर तुम्ही गॅस पेटवणार. "व्हेन यू कम, आय विल हॅव कुक्ड" लिहिलंत तर तो आल्या आल्या पानावर बसणार. मधला तास तो भुकेला राहतो की नाही, एवढाच फरक आहे. पण भुकेल्याला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत कुठं लागतं हे? शाळेत पूर्ण भविष्यकाळ म्हणून 'मी पत्र लिहिले असेन' हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. आयुष्यात कुणी तसं बोललेलं ऐकलंय का? आपल्या माणसाचा भविष्याशी व्यवहारच वेगळा. अंघोळीला जायच्या आधी फोनवर "निघालोच" म्हणतो, टॉवेल खांद्यावर टाकून "पोचलोच बघ" म्हणतो. न झालेल्या गोष्टीला बिनदिक्कत भूतकाळ लावणाऱ्या माणसाला फ्यूचर परफेक्टची गरज काय पडणार!

पण "असेल" आपण दिवसभर वापरतो, फक्त दुसऱ्या कामाला. सोलापूरहून पुण्याला गाडी निघाली की घरात कुणीतरी घड्याळ बघून म्हणतंच, "आता टेंभुर्णी सोडली असेल." यात भविष्य कुठंय? गाडी टेंभुर्णी सोडून गेलेली आहे, असा आपला अंदाज आहे. आणि गंमत अशी की इंग्रजीतही हेच वाक्य याच रूपात येतं: "दे विल हॅव क्रॉस्ड टेंभुर्णी बाय नाऊ." 'विल' आहे, पण गोष्ट होऊन गेलेली. बहुतेक क्लासांत हे शिकवत नाहीत, कारण तक्त्यात बसत नाही. मी शिकवते. आवडीने शिकवते. टेंभुर्णीचं वाक्य माझ्या वर्गात प्रसिद्ध आहे.

आणि याच वाक्याने माझ्या एका विद्यार्थ्याचं नुकसान झालं. हे मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही.

मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळा मराठी, वडील यंत्रमागावर. माझ्याकडे दोन बॅच करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात लागला. परदेशी ग्राहकांचे मेल वाचायचे, मालकाला मराठीत सांगायचे, उत्तर लिहायचं, हे काम. इंग्रजी मेल आला की आधी सगळं ऑफिस घाबरायचं, आता याच्याकडे सरकवायचं. मला तेव्हा त्याचं इतकं कौतुक होतं की नव्या बॅचला पहिल्या दिवशी त्याचंच उदाहरण द्यायची.

एका सोमवारी ग्राहकाचा मेल आला. त्यात एक वाक्य होतं: "यू विल हॅव रिसीव्ह्ड द रिव्हाइज्ड स्पेसिफिकेशन्स बिफोर द वीव्हिंग स्टार्ट्स."

वाचा परत. याने वाचलं ते असं: विणकाम सुरू व्हायच्या आत तुम्हाला सुधारित स्पेसिफिकेशन मिळालं असेलच. आणि खरंच, आदल्या शुक्रवारी एक सुधारित कागद आला होता. लेबलचा मजकूर थोडा बदलला होता, बाकी काही नाही. याने दोन आणि दोन चार केले. मालकाला सांगितलं, त्यांचा कागद आलाय, त्याचीच आठवण करून दिलीय. मालकाने मागावर बीम, म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेले मोठे रूळ, चढवायला सांगितले.

टेरीला बीम दोन लागतात, एक ग्राउंडचा आणि एक पाइलचा. पाइलचा धागा सैल सोडला की त्याचे ते टॉवेलवरचे फुगीर फासे होतात. वजन वाढवायचं तर या फाशांची उंची नाहीतर विणीची घनता बदलावी लागते, आणि ती माग चालू व्हायच्या आधी ठरलेली बरी. बुधवारी सकाळी माग सुरू झाले. गुरुवारी रात्री ग्राहकाचं खरं स्पेसिफिकेशन आलं. ४५०च्या जागी ५०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन.

त्यांना म्हणायचं होतं: विणकाम सुरू होण्याआधी ते तुमच्या हातात पडलेलं असेल, म्हणजे आम्ही पाठवतोय, थांबा.

जेवढा माल निघाला होता तेवढा त्या ऑर्डरच्या कामाचा राहिला नाही. तो इथल्याच बाजारात पडेल भावाने गेला. मालकाने आपल्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भाच्याला ते वाक्य दाखवलं. भाचा म्हणाला, "विल आहे ना मामा, म्हणजे फ्यूचर. ते पाठवणार होते." झालं. याला मेलवरून काढून डिस्पॅचला बसवलं आणि काही महिने पगारातून पैसे कापले.

त्या संध्याकाळी तो माझ्या वर्गात आला. बॅच चालू होती, मी नेमकी आर्टिकल्स शिकवत होते. दारातूनच म्हणाला, "मॅडम, एक वाक्य लिहितो फळ्यावर." मी खडू दिला. त्याने वाक्य लिहिलं, मागे सरला आणि म्हणाला, "अर्थ सांगा."

मी वाचलं आणि लगेच सांगितलं, ते पाठवणार आहेत.

"मग टेंभुर्णी?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी म्हटलं, तिथे 'बाय नाऊ' असतं. इथे 'बिफोर द वीव्हिंग स्टार्ट्स' आहे, संदर्भ पुढचा आहे. हे मी बरोबर सांगितलं, आजही तेच सांगेन. पण त्याने शांतपणे विचारलं, "विणकाम बुधवारी सुरू होणार होतं. शुक्रवार बुधवारच्या आधीच येतो की नाही? शुक्रवारी मिळालं तरी बिफोरच झालं ना?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हो, पण सहसा तसं वाचत नाहीत. 'सहसा' हा शब्द माझ्या तोंडून वर्गात कधी येत नाही. त्याने स्वतःच डस्टर घेऊन वाक्य पुसलं, "थँक यू मॅडम" म्हणाला आणि गेला. मी परत 'अ' आणि 'ॲन'वर आले.

नंतर मी बरंच वाचलं. हान्स रायशनबाख नावाचा तत्त्वज्ञ होता, हिटलर आल्यावर बर्लिन सोडून इस्तंबूलला आणि १९३८मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेला. त्याने १९४७ साली काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि आपण जिथून घटनेकडे बघतो ती वेळ. फ्यूचर परफेक्टमध्ये बघण्याची वेळ पुढे असते आणि घटना तिच्या आधी असते. बस, एवढंच पक्कं. घटना बोलण्याच्या आधी झाली, बोलताना होतेय की नंतर होणार, हे त्या रूपात सांगितलेलंच नसतं. तिन्ही चालतात. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचं वाचन व्याकरणात बसत होतं. त्याच्या घरच्या भाषेतही 'वच्चि उंटाडु' म्हणजे 'आला असेल', अंदाजच. मराठीत तेच, तेलुगूत तेच, आणि मी शिकवलेल्या इंग्रजी वाक्यातही तेच. तिन्हीकडून त्याला एकच दिशा मिळाली.

भाच्याला कमी येत होतं, म्हणून त्याचं बरोबर आलं.

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. तुमचा प्रश्न ऐकला की मी चिडते त्यामागे हे आहे, तुमच्या दीड हजार रुपये फीचा हिशोब नाही.

मीही पूर्वी याचं फार सोपं उत्तर द्यायची. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होते तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी सुचवलं, हा काळ वगळा, मुलांना साधा भविष्यकाळ धड येत नाही. मी स्टाफरूममध्ये तावातावाने म्हणाले होते, "ज्याला विल हॅव येत नाही त्याचं इंग्रजी अर्धं." आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं. पाचवीला एबीसीडी गिरवून पुढे आलेल्या आम्हा लोकांना तो बारा घरांचा तक्ता म्हणजे मिळवलेली इस्टेट वाटायची. त्यातलं एक घर कुणी काढून घ्या म्हणालं की अंगावर यायचं. त्या तरुण बाईला आज मी विचारीन, बाई, पूर्ण इंग्रजी असलेल्या तुझ्या विद्यार्थ्याला डिस्पॅचला का बसवलं? ती म्हणेल, वाक्य लिहिणाऱ्याचा दोष. "वुई विल सेंड द स्पेसिफिकेशन्स बाय थर्सडे, प्लीज डू नॉट स्टार्ट" असं लिहायला त्यांना काय धाड भरली होती? आणि ती बरोबर असेल. पण पगार ग्राहकाचा कापला गेला नाही.

म्हणून हल्ली मी असं करते. लिहिताना हा काळ वापरायची सक्ती करत नाही. कोण पाठवणार, कधी पाठवणार, दोन साधी वाक्यं लिहा, मार्क पूर्ण. वाचताना मात्र सोडत नाही. 'विल हॅव' दिसलं की आधी विचारायचं, झालंय की व्हायचंय? कळत नसेल तर समोरच्याला एका ओळीत विचारून घ्यायचं. करारात "शाल हॅव बीन पेड" येतं, कुरियरच्या मेलमध्ये "विल हॅव बीन डिलिव्हर्ड" येतं. तुम्ही वापरत नसाल, पण तुमच्याशी ते वापरलं जातं, आणि पत्र पाठवणारा तुमच्या बॅचचा सिलॅबस विचारून लिहीत नाही. माझ्या लेखी हे उत्तर पुरेसं आहे.

तो म्हणतो, पुरेसं नाही. हो, तो अजून येतो. आता दुसऱ्या कारखान्यात आहे आणि पुन्हा मेल बघतो. त्याचं म्हणणं, शंका आली तर विचारा हे ठीक, पण त्याला त्या दिवशी शंकाच आली नव्हती. अर्थ स्वच्छ लागला होता. स्वच्छ लागलेल्या अर्थावर कोण शंका घेतं? त्याला याचं उत्तर हवंय आणि ते माझ्याकडे नाही. मी म्हणते, बहुतेकदा धोका संदर्भातून कळतो. तो म्हणतो, 'बहुतेकदा' म्हणजे 'सहसा'च ना मॅडम.

परवा त्याने व्हॉट्सॲपवर एका सूतवाल्याच्या मेलचा फोटो पाठवला. "यू विल हॅव नोटिस्ड दॅट युवर पेमेंट इज ओव्हरड्यू." खाली विचारलं होतं, हे कुठलं?

मी लिहिलं, टेंभुर्णीचं.

त्याचं उत्तर आलं, "नक्की?"

मी लिहिलं, नक्की, आणि आधी पैसे भरायला सांग मालकाला.