फेल्बरटाउअर्नची खिंड

पोर्तोरोझ, स्लोव्हेनिया. रात्री साडेदहा.

विमान दोरांनी नीट बांधून आलो. आजचं लिहिण्याआधी कालचं लिहायला हवं, कारण कालचं अजून मनातून उतरलेलं नाही.

आम्ही तिघं. मी आणि डॉक्टर, दोघांकडे लायसन. भाऊ मागच्या सीटवर. सेस्ना १७२ला सीटा चार असतात, पण टाक्या भरल्या की चार मोठी माणसं आणि त्यांचं सामान विमानाला झेपत नाही, म्हणून तिघंच. आदल्या रात्री एकेक बॅग काट्यावर ठेवली, वहिनींनी दिलेला चकल्यांचा डबासुद्धा.

काल सकाळी जर्मनीत, आउग्सबुर्गला नेहमीसारखं टाकीखालून पेलाभर पेट्रोल काढून पाहिलं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी जातं, बिनरंगी मण्यासारखं दिसतं. मी पेला उजेडात धरला, मग डॉक्टरने धरला. एकाने बघून भागत नाही, असं आम्ही फार पूर्वी ठरवलंय.

ऑस्ट्रियातल्या झेल आम झे गावापर्यंत काहीच अडचण आली नाही. तिथे पेट्रोल भरलं आणि दुपारी आल्प्स ओलांडायला निघालो. मिटरझिलला दक्षिणेकडे वळलं की समोर फेल्बरटाउअर्नची खिंड, उंची जवळपास अडीच हजार मीटर. खिंडीवर सरळ जायचं नसतं. दरीच्या एका कडेने, तिरकं जायचं, म्हणजे पलीकडचं दिसलं नाही तर उताराकडे वळायला जागा उरते. त्या उंचीवर हवा विरळ, इंजिन दमतं, उंचीचा काटा वर चढता चढत नाही. खिंडीच्या माथ्यावर ढग टेकला होता. खाली एक फट होती, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. मला ती फट पुरेशी वाटली.

तेवढ्यात हेडसेटमध्ये भाऊचा आवाज आला, "नको रे."

निघण्याआधीच बोलून ठेवलं होतं: तिघांपैकी एकाने नको म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. विमानात शेवटचा शब्द चालवणाऱ्याचा, नियमच तसा आहे आणि तो योग्यही आहे. पण तो शब्द एकट्याच्या डोक्यात तयार होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मी विमान डावीकडे वळवलं. सगळी दरी पंखाखालून फिरली आणि समोर पुन्हा उन्हातलं हिरवं गवत आलं.

रात्र झेललाच काढली. कुणीच विषय काढला नाही. मला मात्र झोप नव्हती. इथल्या, पोर्तोरोझच्या हॉटेलचे पैसे भरलेले, डॉक्टरची सुट्टी मोजकी. त्या फटीकडे बघताना माझ्या डोक्यात हे सगळं चालू होतं, हे काल रात्री स्वतःशी कबूल केलं.

आज सकाळी पेट्रोलच्या पंपापाशी एक अनोळखी पायलट भेटला. नुकताच दक्षिणेकडून आला होता. आम्ही विचारायच्या आधीच त्याने ढग किती वर आहेत, वारा कुठून येतोय, सगळं नकाशावर बोट ठेवून सांगितलं. मला १९३० सालची अबुकीरची गोष्ट आठवली. आगाखानांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते आणि ॲस्पी इंजिनिअर नावाचे दुसरे वैमानिक उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये, अबुकीरला ॲस्पी इंजिनाच्या स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्यांना दिला. बक्षीस ॲस्पींनी जिंकलं. शंभर वर्षं होत आली, पण धावपट्टीच्या कडेला माणसं अजून अशीच वागतात.

आज खिंड स्वच्छ होती. मग लिएंझ, मग इटली. सीमा कुठेच दिसली नाही, फक्त कानातला आवाज बदलला: रेडिओवर वैमानिकांना माहिती देणाऱ्या ऑस्ट्रियाच्या विएन इन्फॉर्मेशनने निरोप दिला, इटलीच्या पादोवा इन्फॉर्मेशनने हाक घेतली. डोंगर संपता संपता ताल्यामेंतो नदी लागली. केवढं रुंद पांढरं पात्र, सगळे दगडगोटे, आणि त्यात निळ्या पाण्याच्या सुटलेल्या वेण्या. डॉक्टर बराच वेळ काही बोललाच नाही. मग समुद्र, त्रिएस्ते, आणि धावपट्टीला लागूनच सेचोव्हल्येची मिठागरं.

भाऊ वसईचा. उतरल्यावर तो आधी त्या मिठागरांकडेच गेला. चौकोनी वाफे, मधले बांध, कडेला पांढऱ्या राशी. "आजोबांच्या आगरासारखंच," म्हणाला. तिथेच, मी काहीही विचारलं नसताना, कालचं सांगितलं.

"मला ढगातलं काय कळतंय? पण तू चालवताना सारखा बोलत असतोस. हा डोंगर बघ, तो तलाव बघ. खिंड जवळ आली तसा एकदम गप्प झालास. म्हणून म्हटलं, नको."

उद्या क्रोएशिया, लोशिन्य बेट. धावपट्टी ९०० मीटरची. उद्या डॉक्टर चालवणार आहे. शेजारची सीट भाऊला दिली आहे, मी मागे बसेन.