तुम्ही विचारलंत म्हणून: फायनल फँटसी कुठून सुरू करू?

ऐरोलीच्या ऑफिसात कॅन्टीनच्या रांगेत हा प्रश्न येतो, ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात येतो, आणि मध्यंतरी कोपरखैरण्यात एका साखरपुड्याला हातात पुरीभाजीची ताटली असतानाही आला. विचारणाऱ्याने यादी आधीच पाहिलेली असते आणि ती पाहूनच हातपाय गळालेले असतात. व्हिडिओ गेमच्या या मालिकेतला पहिला गेम 1987 चा, सोळावा 2023 चा. नाव ‘फायनल’ आणि संपायचं नाव नाही! मध्येच टेन-टू, थर्टीन-टू अशी जोडनावं, कुठे रीमेक (जुना गेम नव्याने बनवलेला), कुठे रीमास्टर (जुनाच, फक्त घासूनपुसून). आमच्या सोसायटीतला अकरावीतला मुलगा तर सगळी नावं वहीत क्रमाने लिहूनच आला होता. “काकू, एकपासून सुरू करू ना?”

नको. एकपासून मुळीच नको.

या मालिकेत पुढचा नंबर म्हणजे गोष्टीचा पुढचा भाग नव्हे. नंबर बदलला की जग बदलतं, माणसं बदलतात, बरेचदा लढायची पद्धतही बदलते. कायम राहतात त्या बारीकसारीक गोष्टी: स्वारीसाठी चोकोबो नावाचा पिवळा पक्षी, मूगल नावाचे गुबगुबीत प्राणी, उडतं जहाज आणि कुठल्यातरी कोपऱ्यात सिड नावाचा एक माणूस, तोही दर वेळी निराळाच. त्यामुळे मागचं न खेळता कुठलाही नंबर उचलला तरी फारसं अडत नाही. अडतं ते थोड्याच ठिकाणी. टेन-टू हा टेनचा पुढचा भाग आहे, आणि थर्टीनचे तीन भाग ओळीनेच घ्यावे लागतात. आणखी एक घोळ जुना आहे. अमेरिकेत मधले काही गेम गेलेच नव्हते, म्हणून चौथा तिथे ‘टू’ नावाने विकला गेला आणि सहावा ‘थ्री’ नावाने. 1997 साली सेव्हन आला तेव्हा कुठे आकडे जुळले. कोणी जुनाजाणता ‘थ्री’चं फार कौतुक करत असेल तर तो बहुधा सिक्सबद्दल बोलतोय असं धरून चाला.

(हो, आमच्या घरात टेन, सिक्स असंच म्हणायचं. “दहावा झाला, आता तेरावा” असं मी एकदा सासूबाईंसमोर म्हणाले, तेव्हापासून आकडे इंग्रजीत.)

पहिला गेम वाईट आहे असं नाही. हिरोनोबू साकागुची आणि त्यांच्या माणसांनी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्रासाठी केलेला तो गेम इतिहास म्हणून बघायला मजा येते. पण त्यातल्या चार वीरांना नावंसुद्धा तुम्हीच द्यायची, आणि ते चौघं बोलत जवळजवळ काहीच नाहीत. पुढे या मालिकेचं काय झालं हे ज्याला ठाऊक आहे तो ते कौतुकाने खेळेल. नवखा माणूस दुसऱ्या संध्याकाळी बंद करेल आणि मला येऊन म्हणेल, “एवढं काय आहे त्यात?”

म्हणून मी उलट विचारते: कशावर खेळणार, आणि दिवसातून कधी?

फोनवर, गाडीत, असं उत्तर आलं तर सिक्स. मूळ गेम 1994 चा. पहिल्या सहा गेमच्या पिक्सेल रीमास्टर म्हणून नव्या आवृत्त्या 2021-22 मध्ये आल्या, त्या फोनवर चालतात आणि जवळजवळ कुठेही क्विक सेव्ह करता येतं, म्हणजे आहे तिथे खेळ जपून ठेवून थांबता येतं. आपल्या मार्गावर हे फार महत्त्वाचं. ऐरोलीला उतरणाऱ्याच्या एकदोन लढाया होतात, वाशीला जाणाऱ्याची एखादी गुहा उरकते. सुरुवातच बघा: रात्रीचं बर्फाळ रान, तीन यांत्रिक चिलखतं दूरच्या गावाच्या दिव्यांकडे संथपणे चालली आहेत, वर श्रेयनामावली आणि मागे नोबुओ उएमात्सूंचं संगीत. एका चिलखतात बसलेल्या मुलीच्या डोक्याला असा मुकुट घातलाय की तिची स्वतःची इच्छाच उरलेली नाही. पुढे एकूण चौदा जण तुमच्या हाताखाली येतात आणि बहुतेकांना आपापलं दुखणं आहे. यातला ऑपेराचा प्रसंग तेवढा गाडीत खेळू नका. नव्या आवृत्तीत तो खरोखर गायला जातो, आणि “पुढील स्टेशन रबाळे” त्याच्या मधोमध नको.

घरी, टीव्हीसमोर, जेवणं-भांडी झाल्यावर वेळ मिळतो म्हणालात, तर मात्र मी घासाघीस करत नाही. टेन घ्या.

टेन 2001 चा, प्लेस्टेशन टूवरचा. मुख्य मालिकेत माणसं पहिल्यांदा तोंडाने बोलली ती यात. त्याआधीचं सगळं वाचायचं, तेही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला ऐकत ऐकत खालची ओळ वाचता येणं किती सोपं जातं ते मला माहीत आहे. आता एचडी रीमास्टरमध्ये टेन आणि टेन-टू एकत्र मिळतात, पीसीवर, प्लेस्टेशन फोरवर, निन्टेंडो स्विचवरही.

लढाई पूर्ण पाळीपाळीची आहे. तुम्ही काही निवडेपर्यंत समोरचा राक्षस जागचा हलत नाही, मग दारावर कुरिअरवाला येवो नाहीतर कुकरच्या शिट्ट्या होवोत. पडद्याच्या कडेला पुढे कोणाकोणाची पाळी आहे ते ओळीने दिसतं. आणि शिकवण्याची पद्धत तर इतकी सरळ आहे की वेगळा धडा वाटतच नाही. उडणारा शत्रू आला तर आपल्या टोळीतला वाक्का, कारण त्याचा चेंडू तिथवर पोचतो. चपळ लांडगा आला तर नायक टीडस. कवचवाला असेल तर ऑरनची जड तलवार. जेलीसारखा लिबलिबीत गोळा असेल तर तलवारी चालवून हात दुखतील, लूलूची जादू लागते. लढाई चालू असताना माणूस बदलता येतो, त्यासाठी पाळी फुकट जात नाही. तासाभरात हे अंगवळणी पडतं. पुढे जे कठीण होतं ते याच्यावरच रचलेलं आहे.

पण मी टेन सांगते ते गोष्टीसाठी. सिन नावाचं एक अक्राळविक्राळ संकट समुद्रातून येऊन गावंच्या गावं पुसून टाकतं. युना नावाची मुलगी सोबत्यांना घेऊन, देवळामागून देऊळ करत, बोटीने आणि पायी निघते, कारण ते संकट शमवायचा हाच एक रस्ता असं तिथे पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं आहे. वाटेत भेटणारी माणसं तिला नमस्कार करतात, आशेने बघतात, कोणी आपलं गाऱ्हाणं सांगतं. आषाढात पालख्या पाहिलेल्या माणसाला या प्रवासाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

किलिका बंदराचा प्रसंग चालू होता तेव्हा सासूबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या. सिनने गाव मोडून टाकलंय, संध्याकाळ झालीये, पाण्यात शवपेट्या ठेवल्यात. युना काठी घेऊन पाण्यावरून चालत जाते आणि नाचू लागते. पाणी तिला वर उचलतं, पेट्यांमधून उजेडाचे ठिपके सुटून आभाळात जातात, काठावर माणसं रडतायत.

“कोण गेलं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“गावातली माणसं. ही त्यांना मार्गाला लावतेय.”

“आणि ज्यांचं करायला कोणी नाही, त्यांचं?”

अगदी हेच त्या खेळात लूलू समजावून सांगते. ज्यांना असा निरोप मिळत नाही त्यांना जिवंत माणसांचा हेवा वाटू लागतो आणि त्यांचेच राक्षस होतात. म्हणजे वाटेत आपण ज्यांच्याशी लढतो ते. मी तसं सांगितलं. “होणारच,” म्हणाल्या, आणि पुढचा वाल उचलला. ज्या जगाचे नियम त्यांना एका वाक्यात पटले, ते परकं म्हणून कोणी बिचकू नये.

टेनला नावं ठेवायला जागा आहे. सुरुवातीचे काही तास बोट धरून चालवतात. मधले प्रसंग लांबलचक आहेत आणि वगळून पुढे जाता येत नाही. ब्लिट्झबॉल नावाचा पाण्यातला खेळ मला आजतागायत आवडलेला नाही, सक्तीचा सामना एकच आहे हे नशीब. आणि टीडसच्या त्या कुप्रसिद्ध हसण्याची जी टिंगल होते, ती करणाऱ्यांनी तो प्रसंग पूर्ण पाहिलेलाच नसतो. तो मुद्दाम खोटं हसतोय!

“पण सेव्हन?” हे येणारच, सगळ्यांना त्याचा नायक क्लाउड, त्याची ती मोठी तलवार माहीत असते. 2020 च्या रीमेकपासून सुरू करू नका. मूळ गेममध्ये मिडगार शहर ही नुसती सुरुवात आहे. रीमेकमध्ये अख्खा गेम तेवढ्यावरच आहे. मूळ गोष्ट तीन गेममध्ये वाटली गेलीये, आणि जुनं आठवत असलेल्या माणसाला चकवण्यातच तिची अर्धी गंमत आहे. ज्याला आठवायलाच काही नाही त्याला चकवणार कसं? 1997 चा सेव्हन खेळा. ठोकळ्यांसारखे हात दिसतील, त्याची सवय होते. नव्या आवृत्त्यांत वेग तिप्पट करायची सोय आहे.

थर्टीन आधी नको, फार वेळ एकाच बोळातून पळवतो. फिफ्टीनमध्ये चार मित्रांची गाडीतली भटकंती झकास आहे, पण गोष्टीचे तुकडे बाहेर सिनेमात आणि कार्टूनमध्ये सांडलेत. सिक्स्टीन मोठ्यांसाठी, आणि त्यात पाळीबिळी नाही, सरळ मारामारी. फोर्टीन ऑनलाइन. 2010 मध्ये तो आपटला, नाओकी योशिदांनी 2013 मध्ये नव्याने उभा केला, आणि त्याची फुकट आवृत्ती सत्तराव्या लेव्हलपर्यंत कितीही दिवस खेळता येते. म्हणूनच त्या अकरावीतल्या मुलाला मी त्याचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. त्याच्या आईशी मला रोज लिफ्टमध्ये भेटायचं असतं.

टेन संपल्यावर लगेच टेन-टूकडे वळू नका. तो उथळ नाही, पण सूर इतका वेगळा आहे की टेनचा शेवट अजून मनात असताना चिडचिड होते. मध्ये नाईन घ्या. 2000 चा, जुन्या खेळांची आठवण काढत केलेला, आणि त्यातला उंच टोपीवाला बुटका विवी तुम्हाला आवडणारच. टेन स्वस्तात हवा असेल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागेपर्यंत थांबा. शेवटची लढाई मात्र रविवारी रात्री लावू नका. ती संपल्यावरही बराच वेळ प्रसंग चालतात, आणि सोमवारी आठची गाडी असते.