टिप्परच्या रिंगपासून जीपच्या काट्यापर्यंत: आमची वाटचाल

बाबांनी १९९३ साली गोव्यात डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचे दुकान घातले. गिऱ्हाईक एकाच जातीचे, खनिजाचे टिप्पर. सुर्ल, पाळी, वेळगे भागातल्या खाणींवरून माल भरून गाड्या आमोण्याच्या बाजूला, मांडवीकाठच्या जेटींकडे दिवसभर धावायच्या. रस्त्याकडेची झाडेसुद्धा तांबडी दिसायची.

शाळा सुटली की मी शेडमध्ये. टिप्परच्या चाकाला ट्यूब आणि लोखंडी रिंग. ती रिंग खाचेत पूर्ण बसली नाही आणि हवा भरली तर गोळीसारखी उडते. बाबा चारी बाजूंनी हातोडीने ठोकून, कान लावून आवाज ऐकायचे आणि मगच कॉम्प्रेसर चालू करायचे. गिऱ्हाईक कितीही ओरडो, त्यांची घाई कधी झाली नाही. आज दुकानात जी शिस्त आहे ती तिथून आली.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. गावागावांत अंगणात, भाटात (बागायतीत) टिप्पर उभे राहिले, त्यांच्या टायरांवर गवत वाढले. पुढे थोडे दिवस काम सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये परत थांबले. पण दुसऱ्या बंदीच्या वेळी आम्ही फक्त टिप्परवर अवलंबून नव्हतो, आणि त्याचे श्रेय माझ्या कुळ्याच्या मावसभावाला. तो दूधसागरला पर्यटक नेणारी जीप चालवतो. त्या वाटेवर पाण्याचे ओहोळ ओलांडावे लागतात, पाण्याखाली गोटे. तो म्हणाला, "दादा, गाडी खालून लागते रे. थोडे मोठे टायर बसव बघू."

बसवले. हळूहळू कुळ्याच्या आणखी जीपा आल्या, मग पावसात चिखलात गाड्या घालण्याची आवड असणारी मडगाव-फोंड्याची मंडळी आली. लोकांना वाटते मोठा टायर म्हणजे गाडी तेवढीच उंच. तसे नाही. टायरचा व्यास चार सेंटिमीटरने वाढला तर डिफरन्शियल, म्हणजे आसाच्या मध्यावरचा खाली लोंबणारा गिअरचा गोळा, जमिनीपासून दोनच सेंटिमीटर वर जातो, कारण अर्धी वाढ आसाच्या वरच्या बाजूला जाते. त्या दोन सेंटिमीटरसाठी स्टेअरिंग जड होते, ब्रेकवर ताण येतो, पिकअप मंदावतो. हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. ऐकून काही जण मूळ मापातच चांगल्या खाचांचा टायर घेतात, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

आता आमची चूक. २०१६ साली एका गृहस्थांच्या जिप्सीचे २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ बसवले. महिन्याने ते परत आले. "भाऊ, गाडी पेट्रोल पिते. अकराचा ॲव्हरेज साडेनऊवर आला." आम्ही प्लग बदलले, फिल्टर बदलला, हवा तपासली. फरक शून्य. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसून हायवेवर किलोमीटरचे दगड मोजत गेलो. दहा दगड मागे पडले तेव्हा मीटरवर ९.१ दिसत होते. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वहीत हिशोब मांडला. जुना टायर ६६८ मिलिमीटर उंच, नवा ७३३. एका फेरीत गाडी जवळजवळ दहा टक्के जास्त जाते, आणि मीटर मात्र फेऱ्याच मोजतो. म्हणजे ॲव्हरेज साडेनऊ नव्हता, साडेदहाच्या जवळ होता. खरी धास्ती दुसरीच. काटा ६० दाखवत असताना ते ६६ ने जात होते, ८० वर असताना ८८ ने. घरची माणसे घेऊन महिनाभर ते असे फिरले होते, आणि गाडी आमच्या हातून गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून काटा बरोबर केल्याशिवाय मोठ्या टायरची गाडी आम्ही सोडत नाही. जुन्या केबलच्या मीटरमध्ये केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक छोटा गिअर असतो. त्याचे दाते कमी केले की केबल जास्त फिरते. समजा २२ दाते आहेत, तिथे २० चा बसवला तर दहा टक्के वाढ मिळते. हवा तसा गिअर मिळाला नाही तर केबलच्या मध्ये बसणारा रेशोचा डबा लेथवाल्याकडून करून घेतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली आणि २०२३ मध्ये जिम्नी, तशी आम्हाला नवी विद्या शिकावी लागली. अशा गाड्यांत चाकाजवळचा सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्यावरच्या खुणा मोजतो. काही गाड्यांत स्कॅनर लावून टायरचे माप बदलता येते, नसेल तिथे मीटरकडे जाणाऱ्या सिग्नलवर दुरुस्तीचा डबा बसवतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, वायरीला हात लावत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. एका पुरवठादाराचा स्वस्त डबा आम्ही एकदाच वापरला. चोर्ला घाटात पावसात त्यात पाणी शिरले आणि काटा शून्यावर आला. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, डबा आता डॅशबोर्डच्या आत, उंचावर, सील करूनच बसतो.

माप मात्र खडूनेच घेतो. टायरवर आणि फरशीवर एकेक खूण करायची, माणसे बसवून गाडी ढकलत दहा फेऱ्या न्यायची आणि फीत लावायची. वजनाखाली टायर दबतो, म्हणून कागदावरच्या मापापेक्षा हे अंतर थोडे कमी भरते. जुन्या टायरनेही हेच करतो आणि दोन्ही आकडे वहीत जातात. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून टायर मडगार्डला घासतो का ते पाहायचे. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी. फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या उंचीचे लागले तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, ताणली जाते.

काही जण आधीचे किलोमीटर कमी करून द्या म्हणतात, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. मोठे टायर मागणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही वाचून दाखवतो: आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. विमा कंपनीला विचारून या, मगच हात लावू. यामुळे काम जाते. जाऊ दे.

आज शेडच्या जागी एका वेळी तीन गाड्या मावतील असे दुकान आहे, चार मुले कामाला आहेत. बाबा सकाळी येऊन खुर्चीत बसतात. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की दूधसागरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कुळ्याच्या जीपा रांगेने येतात. गाडी बाहेर पडण्याआधी दाराच्या आत एक चिठ्ठी चिकटवतो: जुने माप, नवे माप, दहा फेऱ्यांचे अंतर, आणि ६० ला जीपीएसवर किती दिसले. तो शेवटचा आकडा बाबा स्वतः गाडीत बसून पाहून येतात आणि मगच चिठ्ठीवर सही करतात.