तुम्ही विचारलंत म्हणून: 23 वर्षं एकच पंतप्रधान, ही कसली लोकशाही?

मिरजेला गेलो की काका एकदा तरी विचारतातच, आणि आता इथे स्टॉकहोमला ऑफिसात नवीन आलेली मराठी पोरंही विचारायला लागलीत, की स्वीडनमध्ये म्हणे एक माणूस सलग 23 वर्षं पंतप्रधान होता, मग ती लोकशाही कसली, खुर्चीला चिकटूनच बसला असणार. तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून आज लिहूनच काढतो.

त्यांचं नाव तागे एर्लांदेर. जन्म 1901 चा, रान्सेतर नावाच्या गावातला, वडील शाळामास्तर. ऑक्टोबर 1946 मध्ये आधीचे पंतप्रधान पेर आल्बिन हान्सोन रात्री ट्रामने घरी निघाले होते (हो, पंतप्रधान, ट्रामने), स्टॉपवर उतरले आणि तिथेच हार्ट अटॅकने गेले. सोशल डेमोक्रॅट पक्षात एर्लांदेरपेक्षा जुनीजाणती नावं होती, हे शिक्षणमंत्री होऊन जेमतेम वर्ष झालेलं, पण पक्षाने यांनाच पुढे केलं. तिथपासून थेट 1969.

आता चिकटून बसण्याबद्दल. ही खुर्ची कधी निवांत नव्हतीच हो. 1951 ते 57 शेतकऱ्यांच्या पक्षाशी युती करून सरकार चालवावं लागलं आणि ती युती तुटली पेन्शनवरून. म्हाताऱ्यांना सरसकट मिळणारी छोटी पेन्शन आधीपासून होती, पण पगाराच्या हिशोबात भरभक्कम पेन्शन मिळायची ती सरकारी नोकरांना आणि बऱ्याचशा ऑफिसबाबूंना, कारखान्यातल्या कामगाराला नाही. एर्लांदेरना ती सगळ्यांना द्यायची होती, कायद्याने. 1957 ला जनमत घेतलं, तीन पर्याय होते, त्यांच्या पर्यायाला सर्वात जास्त मतं पडली पण निम्म्याच्या वर काही गेली नाहीत. संसदेत बिल पडलं. मग 1958 ला सभागृह बरखास्त करून निवडणूक, तर निकाल असा की सभापती सोडले तर पेन्शनच्या बाजूचे 115 आणि विरोधातले 115. मे 1959 ला मतदान झालं तेव्हा तूरे कोनिगसन नावाचे विरोधी पक्षाचे एक खासदार, गोटेबोर्गच्या जहाज कारखान्यातले कामगार, तटस्थ राहिले. त्यांचं म्हणणं, मी स्वतः कामगार, या पेन्शनच्या विरोधात हात कसा वर करू. 115 विरुद्ध 114. एका मताने! आज स्वीडनची जी व्यवस्था म्हणून आपण कौतुकाने बोलतो त्यातला केवढा मोठा भाग त्या एका माणसाच्या गप्प बसण्यावर उभा राहिला, हे मला दर वेळी आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि 1966 चं तर मला अगदी जवळचं वाटतं. तेव्हा स्टॉकहोममध्ये घरांची भयंकर टंचाई. निवडणुकीच्या आधी टीव्हीवर तीन पत्रकार समोर बसलेले, त्यांनी विचारलं की एखाद्या तरुण जोडप्याला लग्न करून इथे राहायचंय, घर हवंय, तर त्यांनी काय करायचं? एर्लांदेर म्हणाले, घराच्या रांगेत नाव लावावं. बस्स. रांग किती वर्षांची आहे हे घराघरात माहीत होतं. त्या नगरपालिका निवडणुकीत पक्ष 42 टक्क्यांवर आला, असला मार बरीच वर्षं बसला नव्हता. दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायची योजना तेव्हा सुरू झालेली होती, तेही 80 लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशात, पण कागदावरच्या घरात कोण राहणार.

मी हुसबीला, स्टॉकहोमच्या उपनगरात, राहतो ती बिल्डिंग त्याच योजनेतली. सेकंड हॅन्डवर, म्हणजे मूळ भाडेकरूकडून भाड्याने. फर्स्ट हॅन्ड कॉन्ट्रॅक्टसाठी रांगेत नाव लावून आठ वर्षं झालीत, बायको दर महिन्याला लॉगिन करून नंबर बघते. त्यामुळे तो इंटरव्ह्यूचा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या घरात कोणी हसलं नाही.

पण माणूस ऐकणारा होता, हे मला मनापासून वाटतं. हार्पसुंदला पंतप्रधानांसाठी सरकारला दान मिळालेला एक वाडा आहे तळ्याकाठी, तिथे ते कारखानदारांना आणि युनियनच्या पुढाऱ्यांना एकत्र बोलवायचे, बोलत बसायचे, विरोधक म्हणायचे हे संसदेला बगल देऊन चाललंय आणि त्यात तथ्यही होतं. त्याच तळ्यात 1964 ला त्यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना छोट्या होडीत बसवून फिरवलं, आता पाहुण्यांना तिथे वल्हवत नेण्याची प्रथाच झाली.

सगळं गोड सांगून मी काकांना फसवणार नाही. लोकांची नसबंदी करण्याचा कायदा त्यांच्या काळात चालूच राहिला, तो 1975 पर्यंत गेला, एकूण 63 हजारांच्या आसपास लोकांची नसबंदी झाली, त्यात बहुतेक बायका, कितीतरी जणींवर दबाव आणून. 1999 मध्ये सरकारने भरपाईचा कायदा केला. 23 वर्षं सत्ता हातात असलेल्या माणसाला याचा जाब विचारलाच पाहिजे, तिथे मी त्यांची बाजू घेत नाही.

1968 च्या संसदेच्या निवडणुकीत मात्र पक्षाला 50.1 टक्के मतं. चेकोस्लोव्हाकियात रशियन रणगाडे घुसून महिनाही झाला नव्हता, त्याचाही परिणाम होताच. पण हरल्यावर दोनच वर्षांत ही उडी! आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. कोणी ढकललं नव्हतं, संसदेत बहुमत खिशात होतं. 1953 पासून ज्यांना सेक्रेटरी म्हणून हाताशी घेऊन तयार केलं त्या ओलोफ पाल्मेंच्या हाती कारभार दिला.

सोडल्यावर राहायचं कुठे, तर स्वतःचं घर नव्हतं. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढलेली, बायको आयना शाळेत शिकवायच्या. शेवटी पक्षाने बोमर्सविकला, पक्षाच्या तरुणांचं शिबिर केंद्र आहे तिथे, तळ्याकाठी त्यांना एक घर बांधून दिलं. 1985 मध्ये वारले, तोवर त्यांचं घर तेच.