डोळे मिटले

अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गहून परतून दोन दिवस झाले, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. बंदुकीचा चाप ओढताना मी डोळे मिटले.

त्या दिवशी सकाळी तिथले बंदुकीच्या दारूचे अष्टकोनी कोठार पाहिले होते. १७१५ साली बांधलेले, आणि एप्रिल १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर डनमोरने ज्यातली दारू रातोरात हलवल्यामुळे सारे गाव खवळले ते. दुपारी चांदमारीला गेलो. 'ब्राउन बेस' या जुन्या इंग्रजी ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती हातात आली तेव्हा तिच्या साडेचार किलो वजनाने डावे मनगट थरथरू लागले. घोड्यात आवळलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या, रंजकीवर (पेट घेणाऱ्या चिमूटभर दारूवर) पडतात, रंजक भडकते आणि तिची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत गेली की बार उडतो. भडका आणि बार यांच्यामध्ये एक निमिष उरते. गालापासून वीतभर अंतरावर जाळ उठलेला असताना त्या निमिषात नेम हलू द्यायचा नाही, एवढेच करायचे होते, आणि तेवढेच माझ्याकडून झाले नाही. गोळी कागदाच्या वरून गेली. माझ्यानंतर सूनबाई उभी राहिली. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

उघड्या डोळ्यांनी पाहायची वेळ आली की मी नेहमीच असे करतो का? त्या रात्री दवाखान्याच्या दाराशी तरी मी... ते राहू दे.

काल झोप लागेना तेव्हा खडकीची लढाई आठवली. याच घराण्यातली, थोड्या आखूड नळीची बंदूक ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे होती आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंडीजवळच्या माळावर ती पेशव्यांच्या घोडदळावर रोखली गेली. तिला नेम धरायला मागची खाच नसतेच. सारी भिस्त रांगेने एकदम बार काढण्यावर. समोरून हजारो घोडी दौडत येत असताना गालाशी तो जाळ सोसणाऱ्या शिपायांपैकी, आणि त्यांत आपल्याच मुलखातले कितीतरी होते, कोणाचेच डोळे मिटले नसतील? मिटले असतील. तरीही त्यांनी पुन्हा काडतूस दातांनी फाडले, पुन्हा गज ठासला.

सकाळी सूनबाईने विचारले, "बाबा, पुन्हा जायचे का?" मी लगेच हो म्हटले. घोडा मागे ओढताना अंगठ्याच्या नखाखाली गेलेली काजळी अजून तशीच आहे.