तुम्ही विचारलंत म्हणून : आयोगावर माणसं नेमतं कोण?

"सर, पोरांची परीक्षा घेणारे स्वतः कुठली परीक्षा देऊन आलेत ओ?" येळ्ळूरच्या एका शेतकरी वडिलांनी हे विचारलं तेव्हा मुलीचं हॉल तिकीट त्यांच्या हातात होतं. मी बेळगावात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. नोकरभरतीची जाहिरात निघाली की कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच, म्हणून एकदा नीट उत्तर लिहितो.

कुठलीच नाही. कर्नाटक लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतात. घटनेच्या 316 व्या कलमात तसं म्हटलंय. सही राज्यपालांची असली तरी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, म्हणजे नावं सरकारच ठरवतं. सीमाभागातल्या 865 गावांतली आपली मुलं दाखला जोडून महाराष्ट्राच्या आयोगाच्या परीक्षेलाही बसतात. तिथंही हेच कलम लागू. केंद्रीय आयोगाची नेमणूक तेवढी राष्ट्रपतींकडे.

पात्रतेबद्दल घटना फार थोडं बोलते. जवळपास निम्म्या सदस्यांनी केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत किमान 10 वर्षं काढलेली असावीत, एवढंच. उरलेल्यांसाठी शिक्षणाची किंवा अनुभवाची अट घटनेत नाही. मुदत 6 वर्षं किंवा वयाची 62 वर्षं, जे आधी होईल ते.

एकदा नेमलेल्या माणसाला काढणं मात्र फार अवघड. नेमतात राज्यपाल, पण काढू शकतात फक्त राष्ट्रपती. गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी सर्वोच्च न्यायालयानं चौकशी करून तसा अहवाल द्यावा लागतो. पगार आणि खर्च राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून जातो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. सदस्यपद संपल्यावर सरकारी नोकरी घेता येत नाही. वरच्या किंवा दुसऱ्या आयोगावर जाण्याची काही दारं तेवढी उघडी राहतात. उद्याच्या नोकरीच्या आशेनं आज कुणी सरकारपुढं वाकू नये, म्हणून ही तजवीज. घटना लिहिणाऱ्यांनी हा विचार किती खोलवर केला होता, हे शिकवताना मला दर वेळी जाणवतं.

पण बाहेर काढायच्या दाराला एवढी कुलपं आणि आत घ्यायच्या दाराला साधी कडीही नाही, हे मला पटत नाही. 2013 मध्ये पंजाबच्या आयोगाच्या अध्यक्षांची नेमणूक सर्वोच्च न्यायालयानं टिकू दिली नाही. सचोटी आणि कुवत घटनेत शब्दांत लिहिलेली नसली तरी या पदाला ती लागतेच, असं न्यायालयानं सांगितलं. पण ती पारखायची कशी, हे शेवटी सरकारवरच राहिलं.

आमच्या मुलांना याची झळ कशी बसते, ते सांगतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात राजपत्रित पदांची पूर्वपरीक्षा झाली. कन्नड भाषांतरात इतक्या चुका निघाल्या की डिसेंबरमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली, आणि तेव्हाही चुका राहिल्याच. येळ्ळूरच्या त्या मुलीचं शिक्षण मराठी शाळेत झालं. मुख्य परीक्षेला कन्नडचा पेपर सक्तीचा, म्हणून ती रोज एक पान कन्नड लिहून काढते. डावीकडे कन्नड शब्द, उजवीकडे पेन्सिलीनं मराठी अर्थ. अशी तिची तिसरी वही चालू आहे. एवढ्या कष्टानं शिकलेल्या भाषेतला प्रश्नच चुकीचा छापला गेला, तर तिनं दाद कुणाकडे मागायची? पेपर काढणारे वेगळे असतात हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यावर देखरेख ठेवायला आयोग आहे, आणि आयोग म्हणजे ही नेमलेली माणसंच.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या वडिलांनी विचारलं, "नेमायच्या आधी नावं कळतात का ओ, हरकत घ्यायला? आमच्यात घरकुलाची यादीपण पंचायतीच्या बोर्डावर लावतात की."

"नाही," मी म्हणालो. "पण तशीच लावायला हवी."

त्यांनी हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि मुलीला हाक मारली. शेवटची बस साडेआठची होती.